कुळमेथे मॅडमनी उतरवलेले ग्राफ

कुळमेथे मॅडमचं आडनाव कॉलेजच्या ऑफिसात कधीच नीट लिहिलं गेलं नाही. कुणी कुलमेथे लिहायचं, कुणी कुळमेटे, आणि एकदा परीक्षेच्या ड्युटीच्या यादीत तर चक्क 'कुलकर्णी' छापून आलं. मॅडम यादी घेऊन थेट क्लार्कच्या टेबलाशी गेल्या. "भाऊ, कुळमेथे. चारच अक्षरं आहेत. तोंड दुखत नाई." क्लार्कने मान डोलावली, पेनाने दुरुस्ती केली. पुढच्या यादीत 'कुळकर्णी' आलं.

चंद्रपूरच्या बाहेर, हायवेला लागून आमचं इंजिनीअरिंग कॉलेज होतं. मॅडम आम्हाला शेवटच्या दोन वर्षांना कॉम्प्युटर नेटवर्क शिकवायच्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, घट्ट वेणी, आणि फेब्रुवारी संपला की डोक्याला पांढरा दुपट्टा. गाव गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलातलं. त्या गावातून इंजिनीअर झालेल्या त्या पहिल्याच, असं दुसरेच लोक सांगायचे. मॅडम स्वतः कधी बोलल्या नाहीत.

त्यांच्याकडे तीन भाषा होत्या. वर्गात फळ्यासमोर पुस्तकी मराठी-इंग्रजी. लॅबमध्ये आपली झाडीकडची, म्हणजे पूर्व विदर्भातली बोली. आणि आईचा फोन आला की खिडकीशी उभं राहून गोंडी, तीही इतक्या मोठ्याने की खालच्या पार्किंगमधली पोरं वर बघायची. आम्ही त्यावरून त्यांचा पारा ओळखायला शिकलो होतो. झाडीत रागावल्या तर घाबरायचं कारण नसे. लॅबमध्ये उभं राहून त्या शुद्ध बोलू लागल्या की समजायचं, आज आपलं काही खरं नाही.

आम्हाला त्या नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी वीजकेंद्राच्या वसाहतीतली, म्हणून मी 'ऊर्जानगर'. माझा प्रोजेक्टचा जोडीदार प्रफुल्ल 'वरोरा'. वडिलांचा सोयाबीन-कापसाचा धंदा असल्यामुळे प्रफुल्लला जगात न जमणारी गोष्टच माहीत नव्हती. कशाबद्दलही विचारा, "होऊन जाते ना मॅडम," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मॅडम म्हणायच्या, "वरोरा, होऊन जात नसते. करा लागते."

लॅबच्या दारात चप्पल काढून, दोन्ही हात पाठीमागे बांधून त्या टेबलांमधून फिरायच्या. विद्यार्थ्याच्या की-बोर्डला त्यांनी कधी बोट लावलं नाही. कुणी अगदी रडकुंडीला येऊन "मॅडम, तुम्हीच करून द्या ना" म्हटलं, तर हात मागे आणखी घट्ट धरायच्या. "मी हात लावला तर माही प्रॅक्टिकल होईल. तुही कशी होईल?" मग टेबलावर एक डबा यायचा. त्यात मोहफुलांचे लाडू असत, आईने केलेले, दगडासारखे कडक. अडलेल्या पोराला आधी लाडू, मग प्रश्न. लाडू फुटेपर्यंत बोलता येत नसे, त्यामुळे विचार करायला वेळ मिळे.

आम्हाला त्या नेटवर्क सिम्युलेटर शिकवायच्या. सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरच्या आत मांडलेलं खोटं जग. प्रत्यक्ष तारा, टॉवर काही नाही. पडद्यावर ठिपके ठेवायचे, एकाकडून दुसऱ्याकडे निरोप सोडायचे आणि किती पोचले ते मोजायचं. ठिपक्याला नोड म्हणतात, त्या नोडवर बसून निरोप पाठवणाऱ्या-घेणाऱ्याला एजंट, आणि निरोपाला पॅकेट. मॅडमनी पहिल्याच तासाला फोड करून सांगितली होती. "नोड म्हणजे घर. एजंट म्हणजे घरातला माणूस. निरोप घराशी गेला म्हणजे माणसाले भेटला, असं नाई. हे जो विसरला तो सबमिशनच्या दिवशी माह्या टेबलाशी रडत येते."

आमचा प्रोजेक्ट वणव्याचा होता. जंगलात चौक्या आहेत, एखाद्या चौकीजवळ वणवा दिसला तर तिथून निरोप निघतो आणि चौकी-चौकी करत वनखात्याच्या रेंज ऑफिसात पोचतो. पडद्यावर आम्ही चौक्या मांडल्या आणि मधोमध एक ऑफिस. निरोप सोडले. मोजणीसाठी प्रत्येक बॅचकडे एक तयार फाइल असायची. मॅडमनी नोकरीला लागल्या लागल्या लिहिलेली, पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर उतरत आमच्यापर्यंत आलेली. तिला सगळे 'मॅडमची फाइल'च म्हणायचे. सिम्युलेटरने लिहिलेला सगळा वृत्तांत तिच्यात ओतला की किती निरोप पोचले याचा ग्राफ बाहेर पडे.

अशा ग्राफांनी आमच्या लॅबबाहेरची भिंत भरलेली होती. आधीच्या प्रत्येक बॅचचा सर्वांत चांगला ग्राफ, काचेच्या फ्रेममध्ये, खाली विद्यार्थ्यांची नावं. आमच्या एचओडी, म्हणजे विभागप्रमुख सरांचा त्या भिंतीवर फार जीव. पाहुणा कुणीही असो, बाहेरगावचा प्राध्यापक असो की अ‍ॅडमिशनला आलेला पालक, सर त्याला आधी त्या भिंतीपुढे उभं करायचे.

आमचा ग्राफ आला तो त्या भिंतीवरच्या सगळ्या ग्राफांपेक्षा देखणा होता. रेघ थेट वर. प्रफुल्लने तर फ्रेम कुठे टांगायची ती जागाही बघून ठेवली.

मॅडम आल्या. हात मागे. पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"वरोरा, ऑफिसात कोण बसलं आहे?"

"म्हणजे मॅडम?"

"निरोप घेणारा एजंट कुठी बसवला? दाखव."

प्रफुल्लने आमचा प्रोग्राम उघडला. वरपासून खाली गेला. खालून वर आला. एजंट तयार केलेला होता, त्याला नावही दिलेलं होतं, पण त्याला ऑफिसच्या नोडवर बसवायची ओळ आम्ही लिहिलीच नव्हती.

"म्हणजे घरात माणूसच नाई," मॅडम म्हणाल्या. "मंग इतके निरोप घेतले कोणं?"

आम्हाला वाटलं, आता शुद्ध मराठी सुरू होणार. पण त्यांनी वृत्तांताची फाइल उघडायला लावली. हजारो ओळी. "सगळ्या वाचू नका. एका पॅकेटचा हात धरा न् त्याच्यासंगं चाला." मी एक पॅकेट निवडलं आणि ओळ ओळ मोठ्याने वाचू लागले. अमुक चौकीवरून निघालं, तमुक चौकीला आलं, तिथून पुढे गेलं. मॅडम फळ्यावर रेघा ओढत होत्या. शेवटी ते ऑफिसाच्या दारात आलं. तिथे घ्यायला कोणी नाही. तिथेच पडलं, संपलं.

"दुसरं घे."

दुसरंही दारात पडलं. तिसरंही.

मग मॅडमनी एक गोष्ट केली, जी आम्ही कधी पाहिली नव्हती. खुर्ची ओढून त्या बसल्या. स्वतःची मोजणीची फाइल उघडली आणि वाचू लागल्या. ती काही लांबलचक फाइल नव्हती, पण त्या कितीतरी वेळ वाचत होत्या.

"ही दारात आलेलं सगळंच मोजून राह्यली," त्या हळू म्हणाल्या. "खरा निरोप आला तरी मोजते. वाट विचाराले कोणी आलं तरी मोजते. एकच निरोप दोनदा आला तर दोनदा मोजते. घरात माणूस आहे का नाई, हे विचारतच नाई."

प्रफुल्ल म्हणाला, "मॅडम, म्हणजे आमचा ग्राफ..."

"तुहा एकट्याचा नाई रे." आणि त्यांनी उघड्या दारातून बाहेरच्या भिंतीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या शुद्ध बोलल्या. आम्ही सगळे ताठ बसलो, पण राग आमच्यावर नव्हता. "मी लिहिलेली मोजणीची फाइल चुकीची आहे. आजवर तिच्यातून निघालेला एकही निकाल विश्वासार्ह नाही. ही चूक माझी आहे, विद्यार्थ्यांची नाही." एवढं सांगून त्यांनी फळा पुसला आणि नेहमीचा धडा सुरू केला.

घोटाळा असा होता की त्याच सुमारास कॉलेज तपासायला एक समिती यायची होती. आणि मॅडम इतकी वर्षं शिकवत असूनही कंत्राटावरच होत्या. दर वर्षी नवा कागद, नवी सही. कायम होण्यासाठी त्यांची मुलाखत समिती गेल्यावर लगेच होणार होती, आणि शिफारस एचओडी सरांनी करायची होती.

सर माणूस वाईट नव्हते. मऊ बोलायचे, कुणाचं वाकडं करायचे नाहीत. फक्त त्यांना कशाचीही भीती वाटायची. ते स्वतः लॅबमध्ये आले. "मॅडम, चूक सापडली, फार चांगलं झालं. दुरुस्त करून टाका. पण भिंतीला आत्ता हात लावू नका. समिती जाऊ द्या. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

"सर, आठ दिवस खोटं आहे माहीत असून लोकांले दाखवाचं?"

"दाखवायचं कुठे म्हणतो मी? फक्त असू द्यायचं."

 सर गेल्यावर मॅडमनी प्रयोगशाळेतलं स्टूल उचललं. "ऊर्जानगर, स्टूल धर. वरोरा, फ्रेमा घे खाली." एकेक फ्रेम उतरवताना त्या खाली लिहिलेली नावं वाचत होत्या. काही नावांपाशी थांबून हसायच्या. "हा लई मस्तीखोर होता. हिचं लग्न ब्रह्मपुरीले झालं." शेवटची फ्रेम उतरली तेव्हा भिंतीवर पांढरे चौकोन राहिले, जणू तिथे खिडक्या होत्या आणि कोणी बुजवल्या. दोन दिवसांनी सरांनी त्या चौकोनांवर 'पाणी वाचवा'ची पोस्टर्स लावली.

मॅडम एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. त्या थांबल्या नाहीत. दुपारच्या सुटीत स्टाफरूममध्ये बसून त्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावू लागल्या. "मी कुळमेथे बोलून राह्यली. तुह्या प्रोजेक्टचा निकाल चुकीचा होता बाबू. माह्या फाइलीत चूक होती." पलीकडून काय येई ते आम्हाला कळत नसे, पण मॅडमच्या उत्तरावरून अंदाज यायचा. "बँकेत आहे काय? बरं बरं... नाई, तुही डिग्री कोणी नेत नाई... हो, जेवली मी." एकाने तर विचारलं, कुठला प्रोजेक्ट? मॅडमनीच त्याला त्याचा प्रोजेक्ट समजावून सांगितला, आणि मग त्यात काय चुकलं तेही.

एका दुपारी रिपोर्टवर सही घ्यायला मी आणि प्रफुल्ल टेबलाशी उभे होतो. हैदराबादला एका मोठ्या कंपनीत असलेल्या मुलाचा फोन लागला होता. मॅडम त्याच्याविषयी नेहमी अभिमानाने बोलत. त्याची फ्रेम भिंतीच्या अगदी मध्यावर होती. नेहमीप्रमाणे त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबून ऐकू लागल्या.  "अच्छा," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"त्याले माहीत होतं," त्या आमच्याकडे न बघता म्हणाल्या. "म्हणे, मॅडम, ते कधी कधी शंभर टक्क्याच्या वर जात होतं. मंग आम्ही थोडं खाली आणून लावत होतो."

प्रफुल्लला हसू आलं, त्यानं ते गिळलं.

"मले सांगितलं काऊन नाई त्यानं? मी काय खाल्लं असतं त्याले?"

आणि प्रफुल्ल, ज्याला न जमणारी गोष्ट माहीत नव्हती, तो पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "मॅडम, तुमची फाइल होती ना. तुम्हाले कोण म्हणते, चुकली म्हणून?"

फाइलीतली चूक सापडली तेव्हाही मॅडमचा चेहरा असा उतरला नव्हता. त्यांनी आमच्या रिपोर्टवर सही केली, पेनाचं टोपण लावलं, आणि डब्यातला लाडू आम्हाला द्यायला विसरल्या.

होळीच्या सुटीत त्यांनी आम्हा दोघांना गावाला नेलं. "जंगलात चौक्या मांडता, जंगलात कधी गेले काय?" कुरखेड्यापर्यंत एसटी, पुढे त्यांच्या चुलतभावाची जीप. अंगणात मोहफुलं वाळत पडलेली, सगळ्या घराला तो गोड, जड वास. त्यांच्या आईने दोन्ही हातांनी जोहार केला आणि आम्हाला बाजेवर बसवलं. मॅडम मात्र जमिनीवर बसल्या, पाय पसरून, वेणी सोडून. कॉलेजात कधी न ऐकलेलं खळखळून हसू तिथे दर दोन वाक्यांनी ऐकू येत होतं.

जेवताना आईने आम्हाला मोडक्या मराठीत विचारलं, "हे तुमाले काय शिकवते? मले समजत नाई." मॅडम आईला म्हणाल्या, थांब याया, आज सांगतेच. आणि हातातला घास बाजूला ठेवून गोंडीत सांगू लागल्या. मध्ये तांदळाचे दाणे मांडून चौक्या केल्या, चारोळीचा दाणा निरोप केला, तो एका दाण्याकडून दुसऱ्याकडे सरकवत नेला. आम्हाला भाषा कळत नव्हती, तरी सगळं कळत होतं. आईने लक्ष देऊन ऐकलं. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "मंग फोन काऊन नाई लावत?"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "ह्या गावात रेंज कुठी आहे याया! तू टेकडीवर चढून मले फोन करते ना!" आईही हसली. आणि त्याच हसण्यात, सहज, तिने विचारलं, "नोकरी पक्की झाली का मंग?"

मॅडम "पाणी आणते" म्हणून आत गेल्या. तांब्या भरलेलाच होता, आमच्या पुढ्यातच.

सुटीनंतर दुरुस्त फाइलने पुन्हा मोजलं. एजंट त्याच्या घरी बसवला होता, तरी आमचा देखणा ग्राफ कोसळला. निम्मेही निरोप ऑफिसात पोचत नव्हते. प्रफुल्ल आठवडाभर रस्ते बदलत बसला, चौक्या जवळ आणल्या, दूर नेल्या. मॅडम बघत होत्या, सांगत नव्हत्या. शेवटी एका प्रॅक्टिकलला त्यांनी सगळ्या वर्गाला बाहेरच्या लांब व्हरांड्यात उभं केलं. प्रफुल्ल एका टोकाला, तो ऑफिस. बाकी आम्ही चौक्या. प्रत्येकाला एकेक वाक्य दिलं. "मी एक-दोन-तीन म्हणली की सगळ्याइनं आपापलं वाक्य त्याले सांगाचं. जोरात."

चाळीस-पन्नास पोरं एकदम ओरडली. तीन वर्गांची दारं उघडली. एचओडी सर धावत बाहेर आले. "काय झालं? कोण पडलं?"

"कोणी नाई सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "टक्कर होऊन राह्यली." आणि प्रफुल्लला विचारलं, "काय ऐकलं?"

"काहीच नाही मॅडम. नुसता गलका."

"चौकीवाले सगळे एकाच क्षणाले निरोप सोडून राह्यले. खऱ्या जंगलात असं होते काय?"

ती आमची चूक होती. सगळ्या चौक्यांना आम्ही एकच वेळ दिली होती. प्रत्येकीची वेळ थोडी मागेपुढे केली आणि रेघ वर चढली. अगदी वरपर्यंत नाही गेली. लांबच्या दोन चौक्यांचे निरोप शेवटपर्यंत अर्धेमुर्धेच पोचले.

व्हायवाला आलेल्या एक्स्टर्नलनी पानं उलटली. "एवढाच निकाल?"

मॅडम आमच्या मागे उभ्या होत्या. "एवढाच आहे सर," त्या म्हणाल्या. "पण खरा आहे." एक्स्टर्नलनी जेमतेम बरे मार्क दिले. प्रफुल्ल दोन दिवस फुगून होता.

समितीची तारीख पुढे पुढे जात राहिली, आणि शेवटी ती व्हायवानंतर आली. चहा प्याली, प्राचार्यांच्या खोलीत फायली पाहिल्या, फोटो काढले आणि गेली. आमच्या व्हरांड्यात कोणी पाऊलसुद्धा टाकलं नाही. भिंतीवर ग्राफ होते की पोस्टर्स, कुणाला काही फरक पडला नाही. पण मॅडमची शिफारस गेली नाही. सर म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की. मॅडम आम्हाला एवढंच म्हणाल्या, "यायाले काय सांगू, हेच समजत नाई." आणि हात मागे बांधून लॅबमध्ये गेल्या.

पुढच्या बॅचच्या मुलांकडून कळलं की त्यांनी एक नवी पद्धत काढली होती. प्रत्येक प्रॅक्टिकलला मुलांना फाइल देताना सांगायच्या, "ह्याच्यात माही एक चूक आहे. शोधेल त्याले लाडू." मुलं तुटून पडायची. एकदा एका मुलीने दोन चुका शोधल्या. एक मॅडमनी मुद्दाम ठेवलेली, एक खरीच राहिलेली. त्या दिवशी तिला सगळा डबा मिळाला म्हणे.

काही वर्षांनी आमच्या शाखेला मुलं मिळेनाशी झाली, शाखा बंद पडली. मॅडम त्यांच्याच गडचिरोली जिल्ह्यात एका कॉलेजात लागल्या, आणि तिथे कायम झाल्या. ती बातमी त्यांनी मला फोनवर दिली. मी विचारलं, आई काय म्हणाल्या? "ती म्हणे, अजून झालीच नव्हती काय?" आणि दोघी हसलो.

मागच्या हिवाळ्यात देसाईगंजला एक लग्न होतं, तेव्हा वाकडी वाट करून कुरखेड्याला उतरले आणि मॅडमच्या घरी गेले. मॅडमचे केस पुढून पांढरे झालेत. धानाची मळणी चालू होती, घरात सगळीकडे पोती. जेवण झालं, गप्पा झाल्या. मी नागपूरला एका टेलिफोन कंपनीत काय करते ते त्यांनी खोदून खोदून विचारलं, दोन ठिकाणी मला उत्तर आलं नाही. मग स्कूटरवरून स्टँडवर सोडायला आल्या. बस उभीच होती. मी चढले, खिडकीशी बसले, हात हलवला. त्यांनीही हलवला, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

स्टँडच्या कडेला एक म्हातारी डोक्यावर भलं मोठं टोपलं घेऊन उन्हात उभी होती. मॅडमनी स्कूटर तिच्यापाशी नेली. काहीतरी विचारलं. म्हातारीने मान हलवली, नाही म्हणाली असावी. मॅडमनी पुन्हा काही म्हटलं, मग दोघीही हसल्या. म्हातारी मागे बसली, एका हाताने टोपलं धरून, दुसऱ्या हाताने मॅडमच्या खांद्याला. बस वळली तेव्हा स्कूटर मातीच्या रस्त्याने निघाली होती. मॅडम मान मागे करून मोठमोठ्याने काहीतरी सांगत होत्या, आणि टोपलं डुलत होतं, पण पडत नव्हतं.